आकड्याला नाव-गाव विचार

पोरी, कॉम्प्युटरला ॲडमिशन झाली, पेढे वाटून झाले, आता जरा ऐक. पहिल्या वर्षाला तुला गणित, फिजिक्स, थोडं इलेक्ट्रिकल, थोडं मेकॅनिक्स, ड्रॉइंग आणि सी नाहीतर पायथॉन असं सगळं एकदम शिकवतील. कॉम्प्युटरवाल्यांना वर्कशॉप कशाला, असं बॅचमधलं कुणीतरी पहिल्याच आठवड्यात म्हणेल आणि तुलाही ते पटेल. पटू दे. पण शिरोलीच्या एमआयडीसीत इन्स्पेक्शनच्या टेबलावर नोकरी काढलेल्या माणसाकडून एक सवय घेऊन जा. आकडा समोर आला की तो बरोबर का चूक हे नंतर बघायचं. आधी त्याला विचारायचं, तू कशात मोजलायस, कुठून मोजलायस, कितपत खरा आहेस, आणि तुला ठरवलं कुणी?

जुलैमध्ये आपल्याकडचा कुठलाही पेपर उघड. एकाच बातमीत पंचगंगेची पातळी फूट-इंचात असते, पाऊस मिलिमीटरमध्ये, धरणातला साठा टीएमसीत आणि विसर्ग क्युसेकमध्ये. चार एककं, एक बातमी. सगळं गाव ती वाचतं, ‘राधानगरीचा दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक’ असं एकमेकाला सांगतं, आणि १४२८ म्हणजे किती हे विचारलं की गप्प बसतं. तू गप्प बसायचं नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. घनफुटात २८.३ लिटर बसतात. म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला साधारण ४० हजार लिटर, दहा हजार लिटरचे चार टँकर. दर सेकंदाला चार. दरवाजे सात, सगळे उघडले तर ९९९६ क्युसेक, तोंडी हिशेबाला दहा हजार धर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. शंभर कोटीला दहा हजारानं भागलं की एक लाख सेकंद, म्हणजे २८ तासांच्या आसपास. सातही दरवाजातून नुसतं एक टीएमसी जायला एका दिवसाच्या वर वेळ लागतो, आणि राधानगरीची क्षमता आठ टीएमसीच्या वर आहे. ‘आज रात्रीत धरण रिकामं करणार’ असा मेसेज ग्रुपवर आला, तर तो पुढं पाठवायचा का नाही हे तुला दोन मिनिटांत ठरवता येईल. कॅल्क्युलेटर लागला नाही, बघितलंस ना?

असे अदमास रोज काढत जा. उत्तर दहा टक्क्यांनी चुकलं तरी चालेल, दहा पटीनं चुकता कामा नये. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर दशांश चिन्हानंतर आठ आकडे दाखवतो, पण दशांश चिन्हच एक घर सरकलंय हे तो कधी सांगत नाही. ते बघायला अंदाज लागतो. पावसाचंही तसंच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे एकदा डोक्यात बसलं की आपल्या पत्र्यावर पडणारं पाणी पन्हाळीतून मावेल का नाही, हा हिशेब तू जिन्यात उभी राहून करशील.

एकक चुकलं तर काय होतं याचं पोथीतलं उदाहरण तुला कॉलेजात सांगतीलच, मी थोडक्यात उरकतो. १९९९ च्या सप्टेंबरात नासाचं मंगळाकडं गेलेलं यान हरवलं. एका बाजूच्या सॉफ्टवेअरनं धक्क्याचे आकडे पौंडात दिले, दुसऱ्या बाजूनं ते न्यूटनचे समजून घेतले. दोन्हीत फरक साडेचार पटीचा. आकडे बरोबर होते, गणित बरोबर होतं. आकड्याबरोबर एकक पाठवायचं तेवढं राहिलं. म्हणून प्रोग्राममध्ये नुसतं ‘पातळी’ असं नाव देऊ नको, ‘पातळी_फूट’ असं दे. टाइप करायला चार अक्षरं जास्त, बाकी काय!

आता पातळीचंच बघ. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हापासून तर जास्तच. पण ४३ फूट म्हणजे नदी ४३ फूट खोल आहे असं नाही. तिथल्या मोजपट्टीवरचा तो आकडा आहे, आणि त्या पट्टीचं शून्य कुणीतरी एका जागी ठरवलेलं आहे. वरच्या अंगाला दुसऱ्या गावात दुसरी पट्टी, तिचं शून्य वेगळं. दोन पट्ट्यांचे आकडे शून्य न विचारता शेजारी ठेवून तुलना करणारी मंडळी दर पावसाळ्यात भेटतात. तुझ्या बाबतीत हे ॲरेची मोजणी ० पासून का १ पासून इथपासून सुरू होईल.

आणि आकडे दोन का? एकच का नाही? कारण ३९ ला माणसांनी हलायची तयारी करायची असते आणि ४३ ला हललेलं असायचं असतं. मधले चार फूट म्हणजे वेळ विकत घेतलेला आहे. कुठल्याही यंत्रणेत, सर्व्हरची डिस्क भरत आली तरी, इशारा आणि धोका हे दोन आकडे वेगळे ठेव. डिस्क १०० टक्के भरल्यावर वाजणारी घंटा कामाची नाही.

समज, तुला सेकंड इयरला प्रोजेक्ट दिला, पातळी ४३ च्या वर गेली की भोंगा वाजव. तू लिहिशील, पातळी ४३ पेक्षा जास्त असेल तर भोंगा चालू, नसेल तर बंद. मास्तर मार्कही देतील. आता हा प्रोग्राम नदीवर नेऊन बसव. पाणी शांत उभं राहत नाही, लाट येते, ओंडका येतो. पातळी ४२ फूट ११ इंच, ४३ फूट १ इंच, परत ४२ फूट ११ इंच. भोंगा मिनिटाला दहा वेळा चालू-बंद. तासाभरात लोक त्याच्याकडं लक्ष द्यायचं सोडतील, आणि मग तो नसलेला बरा. म्हणून चालू करायचा आकडा आणि बंद करायचा आकडा वेगळा ठेवायचा. ४३ ला चालू, पण ४२ च्या खाली जाऊन काही वेळ टिकलं तरच बंद. याला पुस्तकात हिस्टेरेसिस म्हणतात. घरातला फ्रीज आणि इस्त्रीसुद्धा याच तत्त्वावर चालतात. आणि सेन्सरनं मधेच ४३० फूट असा आकडा दिला तर? पाच मिनिटांत नदी दहा फूट चढत नाही, हे तुला माहीत आहे, प्रोग्रामला नाही. त्याला ते सांगावं लागतं.

राधानगरीचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत, ही गोष्ट आपल्याकडं इतकी अंगवळणी पडलीय की त्याचं कौतुक कुणाला नाही. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं हे धरण. पाणी ठरल्या पातळीला पोचलं की वजनाच्या तोलावर दरवाजा आपला आपण उघडतो, पातळी उतरली की मिटतो. सेन्सर नाही, मोटर नाही, प्रोग्राम नाही, लाइट गेली तरी अडत नाही. मोजणारा आणि काम करणारा भाग एकच, ते खुद्द पाणी. पुढं कंट्रोल सिस्टिमचा पेपर येईल तेव्हा चौकोन आणि बाण काढून फीडबॅक शिकवतील. एकदा धरण भरलेलं असताना जाऊन बघून ये, मग ते चौकोन वाचता येतील.

आता वर्कशॉपकडं ये. शिवाजी उद्यमनगरात जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून सूत आहे. इंचाचे आठ सूत. बिडाच्या ओतकामाचा पॅटर्न करणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवायचे ते एवढंच, बिडाला फुटाला एक सूत, पोलादाला दोन. म्हणजे काय? भट्टीतून साच्यात ओतलेला धातू गार होताना आकसतो. बीड फुटाला साधारण एक अष्टमांश इंच आकसतं, म्हणजे शेकडा एकाच्या जरा वर, आणि पोलाद त्याच्या दुप्पट. म्हणून फूटभर लांबीचं कास्टिंग हवं असेल तर लाकडी पॅटर्न फूट आणि एक सूत करावा लागतो. दर वेळी ही बेरीज कोण करत बसणार? म्हणून पॅटर्न शॉपात एक वेगळी पट्टी असते, काँट्रॅक्शन स्केल. दिसायला हुबेहूब साध्या फूटपट्टीसारखी, त्यावर बारा इंचही कोरलेले, पण तिचा फूट आपल्या फुटापेक्षा एक सूत लांब. मिस्त्री ड्रॉइंगवरचे आकडे जसेच्या तसे त्या पट्टीनं लाकडावर उतरवतो. आकसण्याचा हिशेब पट्टीच्या पोटातच आहे.

हुशारी आहे की नाही? पण म्हणूनच ती पट्टी पॅटर्न शॉपच्या बाहेर जाऊ द्यायची नाही असा नियम असतो. ती इन्स्पेक्शनच्या टेबलावर आली तर चांगला माल रिजेक्ट होईल आणि रिजेक्ट माल पास होईल, आणि पट्टीकडं बघून कुणाला शंका यायची नाही. तुझ्या भाषेत सांगायचं तर नाव एकच पण टाइप वेगळा. कॉम्प्युटरला ‘५’ हे अक्षरही असतं आणि ५ हा आकडाही असतो, दिसतात सारखे, वागतात वेगळे. पायथॉनमध्ये दोन अक्षरी पाच जोडलेस तर दहा मिळत नाहीत, ५५ मिळतात.

त्यातून निघालेला दुसरा धडा जास्त कामाचा. आता पॅटर्न कॅडवर होतात. ड्रॉइंग करणारा पोरगा आकसण्याचा एक टक्का मॉडेलमध्येच घालतो. ते मशिनवर घेणारा दुसरा पोरगा, आपलंच काम आहे असं समजून, आणखी एक टक्का घालतो. दोघंही जबाबदार, दोघांचंही गणित बरोबर, आणि माल मोठा. भरपाई एकाच ठिकाणी करायची, आणि ते ठिकाण कुठलं हे लिहून ठेवायचं. सॉफ्टवेअरमध्ये हाच घोळ घड्याळात होतो. सर्व्हर ग्रीनिचची वेळ ठेवतो, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं. एकानं साडेपाच तास मिळवले, पडद्यावर दाखवणाऱ्यानं परत मिळवले, की सकाळी आठची मीटिंग दुपारी दीडला दिसते. असा बग सापडला की फरक आधी बघ. बरोबर साडेपाच किंवा अकरा तासांचा असेल तर शोधत बसायला नको, कुठं बघायचं ते कळलं.

टॉलरन्सबद्दल एवढंच सांगतो. ड्रॉइंगवर ‘२५ मिमी’ एवढंच लिहिलं असेल तर ते ड्रॉइंग अपुरं आहे. नेमके २५ मिलिमीटर या जगात कुणीही करून देऊ शकत नाही. २४.९८ चालेल का? २५.०५ चालेल का? जो आकडा मागतो त्यानं सूटही सांगायची असते. साध्या वर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं लहानात लहान माप, ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१. वर्निअरनं मोजून जर कुणी रिपोर्टात २५.०१३ लिहिलं, तर शेवटचा तीन त्यानं मनानं घातलाय. इन्स्पेक्शनमध्ये मी माणूस असाच ओळखायचो. तुझ्या प्रोजेक्ट रिपोर्टात ‘अचूकता ९७.४३२१ टक्के’ असं लिहिशील, आणि तपासलेली उदाहरणं असतील चाळीस. चाळिसातलं एक उदाहरण इकडचं तिकडं झालं की अडीच टक्के हलतात. मग दशांशाखालचे चार आकडे कुणासाठी?

कोल्हापुरात कलाकारांच्या गोष्टी सगळे सांगतात, त्यातली कारागिरीची बाजू सांगणारे कमी. खरी कॉर्नरला कॅमेरा मानस्तंभ आहे, त्याच्यासमोरून तू रोज गाडीवर जातेस. बाबूराव पेंटर, मूळचे मेस्त्री. भाऊ आनंदरावांच्या जोडीनं त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः करायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी सहकारी दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा त्यांचा सिनेमा आला. लोक हे ‘जुगाड’ म्हणून सांगतात तेव्हा मला राग येतो. सिनेमाचा कॅमेरा जुगाडानं होत नाही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला कडेला भोकं असतात, दोन भोकांमधलं अंतर ४.७५ मिमी. एका चित्राला चार भोकं, म्हणजे १९ मिमी. फुटात सोळा चित्रं. यंत्रानं फिल्म बरोबर चार भोकं ओढायची, थांबवायची, शटर उघडायचं, मिटायचं, परत ओढायची, सेकंदाला सोळाएक वेळा. कुठं कसर राहिली की पडद्यावर चित्र थरथरतं, ते झाकता येत नाही.

भोकं कशाला लागतात याचा विचार कर. दोन रबरी रोलरांमध्ये धरून फिल्म १९ मिमी सरकवली असती तर नसतं चाललं का? हिशेब कर. रोलर हजारात एक भाग मोठा आहे समज. दर चित्राला चूक ०.०१९ मिमी, डोळ्याला दिसायची नाही. पण ती साठत जाते. हजार चित्रांनंतर १९ मिमी, म्हणजे पूर्ण एक चित्र सरकलं. हजार चित्रं म्हणजे पडद्यावरचं जेमतेम एक मिनिट. भोकांत दात अडकवला की चूक दर चित्राला तिथल्या तिथं मिटते, पुढच्या चित्राकडं जातच नाही. चूक होणारच. ती साठते का मिटते, हे बघायचं.

आता हेच कॉम्प्युटरमध्ये बघ. पायथॉन उघड आणि ०.१ अधिक ०.२ विचार. उत्तर येईल ०.३०००००००००००००००४. मशिन बिघडलेलं नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश कधी पुरा लिहिता येत नाही, ०.३३३ करत बसावं लागतं, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश पुरा लिहिता येत नाही. कुठंतरी तोडावा लागतो. तोडताना राहिलेली कसर क्षुल्लक असते, रोलरच्या कसरीसारखी. १९९१ च्या आखाती युद्धात पॅट्रियट नावाच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दशांशात मोजायचं, आणि तो दशांश २४ बिटांत तोडलेला होता. चूक किती? एका दशांशाला ०.०००००००९५ सेकंद. पण यंत्रणा सलग १०० तास चालू होती. शंभर तासांत छत्तीस लाख दशांश. गुणाकार कर, ०.३४ सेकंद येतात. तेवढ्या वेळात येणारं क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढं जातं. २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियात धाहरानला यंत्रणेनं भलतीकडं बघितलं आणि अमेरिकेचे २८ सैनिक गेले.

यातली मला सगळ्यात झोंबणारी गोष्ट वेगळीच आहे. यंत्रणा फार वेळ सलग चालवली की घसरते, हे आधीच कळलेलं होतं. तशी सूचनाही गेली होती, फार वेळ चालू ठेवू नका. फार वेळ म्हणजे किती तास? ते कुणी लिहिलं नाही. सुधारलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं ते २६ तारखेला.

तू क्षेपणास्त्रं करणार नाहीस, पण कुठंतरी दूध संस्थेचं बिल करशील. दहा दिवसांचं बिल, सकाळ-संध्याकाळ मिळून वीस नोंदी, लिटर वेगळं, फॅट वेगळा, दर वेगळा. पैशाचा हिशेब दशांशात ठेवू नको, पूर्ण पैशांत ठेव. ४७ रुपये ५० पैसे म्हणजे ४७५०. आणि अर्ध्या पैशाचं काय करायचं, दर नोंदीला तोडायचं का शेवटी एकदा, हे संस्थेच्या सेक्रेटरींना विचारून घे, स्वतःच्या मनानं ठरवू नको. तो आकडा तुझा नाही. म्हशीवाल्या आज्जीला एक रुपया कमी आला तर ती सभेत उठून विचारते, आणि तिचं बरोबर असतं.

अक्षरांचंही तेच. ‘कोल्हापूर’ या शब्दात अक्षरं किती? तू म्हणशील चार, को, ल्हा, पू, र. पायथॉनला लांबी विचार, तो नऊ सांगेल. क, ओकाराची खूण, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ ऊकार, र. फाइलमध्ये साठवताना यूटीएफ-८ पद्धतीत यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे २७. चार, नऊ, सत्तावीस, तिन्ही बरोबर, कोण काय मोजतोय त्यावर. फॉर्ममध्ये नावाला वीसची मर्यादा घातलीस तर ती कशाची वीस? मराठी एसएमएस ७० चिन्हांत का संपतो आणि इंग्रजी १६० ला का, याचं उत्तर इथंच आहे. शब्द उलटा करायचा प्रोग्राम पहिल्या सेमिस्टरला देतातच. तो इंग्रजी शब्दावर चालवून जर्नलमध्ये चिकटवू नको, ‘कोल्हापूर’ घालून चालव. काना-मात्रा कुठं जाऊन पडतात ते बघ आणि का पडतात ते शोध. एवढ्यानं तुला बॅचमधल्या निम्म्या पोरांपेक्षा जास्त कळलेलं असेल. जुन्या फाँटांत टाइप केलेल्या फाइली आजही आपल्या प्रेसमध्ये, पतसंस्थांत पडून आहेत. त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर गेलेला नाही, कुठला आकडा कुठल्या अक्षराचा हा तक्ता हरवलाय. युनिकोडनं सगळ्या जगासाठी एक तक्ता केला, म्हणून तू आज कुठल्याही मोबाइलवर मराठी पाठवतेस.

बंधारा राहिला. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे आपल्या मातीतलं डिझाइन, इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत केटी वेअर म्हणून शिकवतात. दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा सरला की खाचांत बरगे घालायचे, पाणी अडवायचं, आणि पावसाळ्याआधी काढायचे. पुरात अख्खा बंधारा पाण्याखाली जातो आणि पेपरात ‘इतके बंधारे पाण्याखाली’ अशी बातमी येते. बाहेरगावच्या माणसाला वाटतं केवढं नुकसान. त्याला सांग, तो पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलाय. पुराला अडवायचं नाही हे आधीच मान्य केलंय, म्हणून बांधकाम स्वस्तात होतं आणि गाळ पुराबरोबर निघून जातो. तुझ्या प्रोग्रामचंही नेट जाणार, लाइट जाणार, गिऱ्हाईक भलतंच बटण दाबणार. जाऊच नये म्हणून धडपडण्यापेक्षा गेल्यावर परत कसं उभं राहायचं ते आधी लिही. आणि बरगे वेळेवर काढले नाहीत तर उत्तम डिझाइनही शेजारच्या रानात पाणी घालतं. बॅकअपचं तसंच, घेतलाय म्हणजे काय, कधीतरी परत चढवून बघितलाय का?

जाता जाता, वीस गाळ्यांच्या बंधाऱ्याला खांब किती? पटकन वीस म्हणू नको. मधले १९, दोन्ही काठांचे धरले तर २१. प्रोग्रामातल्या निम्म्या चुका एवढ्याच असतात.

मोबाइलला विचारलं की आता तयार कोड मिळतो, आणि तू विचारणारच, त्याला माझी ना नाही. फक्त आलेल्या कोडला शून्य घालून बघ, रिकामं ठेवून बघ, वजा आकडा घाल, फार मोठा घाल, मराठी नाव घाल. इन्स्पेक्शनमध्ये आम्ही माल कुणी केला ते विचारत नव्हतो, गेज लावायचो. एरर आली की घाबरून खिडकी बंद करू नको, ती वाच. पायथॉनची शेवटची ओळ आधी, सीची पहिली. मायक्रोमीटर हातात घेतलास की आधी मिटवून झिरो बघ. लॅबमध्ये चौघांना एक मशिन मिळतं, एकजण टाइप करतो आणि तिघं चार महिने मागं उभे राहून शिकल्यासारखं करतात. पहिल्याच दिवशी खुर्ची धर.

आणि जर्नल. सिनिअरचं बघून लिहायची परंपरा आपल्याकडं फार जुनी आहे. लंबकाचा प्रयोग येईल, गुरुत्व त्वरण काढायचा. सगळ्या बॅचचं उत्तर ९.८१ येतं, दर वर्षी, न चुकता. ९.८१ हे ४५ अंश अक्षांशाच्या आसपासचं मूल्य आहे. कोल्हापूर १६-१७ अंशावर, वर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. आपल्याकडं ते ९.७८ च्या जवळ आहे. लंबक नीट मोजलास तर तुझं उत्तर ९.७ आणि ९.९ च्या मधे कुठंतरी येईल, आणि मास्तर विचारतील, तुझंच वेगळं का? तेव्हा रीडिंगचा कागद दाखव, आणि मग त्यांना विचार, बाकीच्यांनी लंबक कुठल्या गावात हलवला?